वॉर्डातली हवा आणि ड्युटी चार्ट

वॉर्डातल्या सिस्टर खूश आहेत का, हे त्यांना तोंडावर विचारून कळत नाही. "चाललंय" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा इन्चार्ज सिस्टरच्या, म्हणजे वॉर्डप्रमुख परिचारिकेच्या, टेबलाच्या काचेखालचा ड्युटी चार्ट वाचावा, तोही गेल्या तीन महिन्यांचा. चार्ट लागल्यानंतर त्यात किती खाडाखोड झाली? नाइट सुरू व्हायच्या दिवशीच कितीदा सिक लीव्ह पडली? रात्री आठला इव्हिनिंग संपवून घरी गेलेल्या कुणाला दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा लावलं? गौरीजेवणाला आणि लक्ष्मीपूजनाला दोन्ही वर्षं त्याच दोघी ड्युटीवर आहेत का? पेन्सिल घेऊन एवढं मोजायला अर्धा तास लागतो, आणि छापील प्रश्नावलीच्या आधी वॉर्डातल्या हवेचा अंदाज येतो.

पगाराचं महत्त्व कमी करायचा हेतू नाही, त्याबद्दल पुढे लिहिलंय. पण एकाच रुग्णालयात, एकाच पगारावर, एका वॉर्डात बदली मिळावी म्हणून वशिले लागतात आणि शेजारच्या वॉर्डात कुणी सहा महिने टिकत नाही, हे नर्सिंगमधल्या कुणालाही नवं नाही. तो फरक पगारातून आलेला नसतो.

आधी हिशेब

माणसं कमी आहेत, हे सगळेच म्हणतात. किती कमी, हे कागदावर मांडलेलं क्वचित दिसतं. ३० खाटांचा जनरल वॉर्ड घेऊ. सकाळी ८ ते २ तीन सिस्टर, दुपारी २ ते ८ दोन, रात्री ८ ते सकाळी ८ दोन. दिवसाला ७ ड्युट्या, वर्षाला २,५५५. आता एक सिस्टर वर्षात किती दिवस हाताशी असते? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० अर्जित रजा आणि ८ किरकोळ रजा वजा केल्या की २७५ उरतात. आजारपण आणि प्रशिक्षणाचे मिळून १० दिवस धरले तर २६५. २,५५५ ला २६५ ने भागलं की ९.६ येतात. म्हणजे दहा सिस्टर, आणि इन्चार्ज वेगळी. नाइट ऑफ, राष्ट्रीय सुट्ट्या, २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचा अध्यापन रुग्णालयांसाठीचा निकष ३ खाटांमागे १ सिस्टर असा आहे. याचा अर्थ प्रत्येक पाळीत ९ खाटांमागे १, आणि रजेसाठी वर ३० टक्के राखीव. 'तीन पेशंटला एक सिस्टर' हे ऐकून प्रशासनातल्या अनेकांना ती चैन वाटते. गणित करून पाहा. ३० खाटांना १० अधिक ३, अशा १३ जणी. १३ × २६५ = ३,४४५ ड्युट्या, म्हणजे रोजच्या नऊ आणि वर थोडं. सकाळी चार, दुपारी तीन, रात्री दोन. निकष पूर्ण पाळला तरी रात्री एकीच्या वाट्याला १५ पेशंट आहेतच.

त्याच वॉर्डात पाचच सिस्टर असल्या तर वर्षाला १,३२५ ड्युट्या भरतात, दिवसाला साडेतीनच्या थोड्या वर. पाळीला एक, आणि सकाळी कधी नशिबाने दोन. अशा ठिकाणी 'सिस्टर पेशंटवर खेकसतात' ही तक्रार आली की संवादकौशल्याची कार्यशाळा ठेवतात. ती ऐकायला जायचं म्हणजे आणखी एकीला वॉर्ड सोडावा लागतो!

दुसरी गोची अशी, की पदं मंजूर होतात खाटांवर आणि काम असतं पेशंटांवर. पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोच्या दिवसांत ३० खाटांच्या मेडिसिन वॉर्डात खाली गाद्या टाकून ४५ पेशंट असतात. म्हणून रात्री १२ ची पेशंटसंख्या रोज लिहिलेली हवी, गादीवरचे वेगळे मोजून. इन्चार्ज सिस्टर पदं निर्माण करू शकत नाही, पण वरचा हिशेब आणि तीन महिन्यांची पेशंटसंख्या एका पानावर मांडून अधिसेविकांमार्फत (मेट्रनमार्फत) जावक क्रमांकासह पाठवू शकते. राउंडला तोंडी सांगितलेलं पुढच्या राउंडपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

हा निव्वळ सोयीचा प्रश्न नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांवर लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेला पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी, नर्स कामाने पिचून जाण्याची २३ टक्क्यांनी आणि ती नोकरीवर नाराज असण्याची १५ टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली. तिथले आकडे आपल्या वॉर्डांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिथे एका नर्सकडे चार ते आठ पेशंट असतानाची ही गोष्ट आहे, आणि आपल्याकडे मोजणी तिथून पुढे सुरू होते.

चार्ट लावायची रीत

संख्या आपल्या हातात नाही, वाटप आहे. कामाचा त्रास लोक एकवेळ सहन करतात, पण दुजाभाव सहन करत नाहीत.

रिक्वेस्ट डायरी ठेवावी, आणि ती सगळ्यांना उघडी असावी. पुढच्या महिन्यासाठी प्रत्येकीने २० तारखेपर्यंत जास्तीत जास्त दोन मागण्या लिहायच्या. २५ ला चार्ट लागलाच पाहिजे. ३० तारखेच्या संध्याकाळी लागणाऱ्या चार्टमुळे दुसऱ्या दिवशीचं पाळणाघर, सासूबाईंची डॉक्टरकडची वेळ, गावाचं आरक्षण असं सगळंच कोलमडतं, आणि मग सिक लीव्ह पडते. चार्ट लागल्यावर बदल फक्त अदलाबदलीने, दोघींच्या सह्या घेऊन. इन्चार्जने स्वतः केलेला बदल असेल तर कारण त्याच रकान्यात लिहावं.

सणांचा हिशेब वेगळ्या वहीत हवा. नावं उभी, सण आडवे: गौरी-गणपती, दसरा, दिवाळीचे चार दिवस, ईद, नाताळ. मुंबई-पुण्याच्या खाजगी रुग्णालयांत केरळच्या सिस्टर मोठ्या संख्येने असतात, तिथे ओणमही धरावा. कोण ड्युटीवर होती तिथे फुली. तीन वर्षांची वही समोर असली की भांडण निम्मं होतं, कारण 'मीच नेहमी' हे खरं आहे की तसं वाटतंय, ते दिसतं. बहुतेक वेळा ते खरं निघतं, आणि ती सिस्टर अविवाहित किंवा कंत्राटी असते. "तिला काय, घरी कुणी नाही" या एका वाक्याने वॉर्डातली जितकी हवा बिघडते तितकी डबल ड्युटीनेही बिघडत नाही.

पाळ्यांचा क्रम मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट, मग ऑफ असा पुढे सरकणारा ठेवावा. उलटा क्रम शरीराला जड जातो, कारण झोप उशिरा ढकलणं सोपं आणि अलीकडे ओढणं कठीण. इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग टाळावी. कागदावर मधे १२ तास दिसतात, पण हँडओव्हर (पुढच्या पाळीला पेशंट सोपवणं) संपवून निघायला पावणेनऊ, लोकलने बदलापूरला पोचायला साडेदहा, आणि पहाटे साडेपाचला परत निघायचं. झोपेचे पाच तास उरले तर पुष्कळ.

नाइट ऑफच्या बाबतीत एक लबाडी सर्रास चालते. सकाळी आठला नाइट संपवून सिस्टर घरी जाते, तो दिवस ऑफ म्हणून चार्टवर लागतो आणि दुसऱ्या दिवशी मॉर्निंग. तो दिवस झोपेत जातो, त्याला सुट्टी म्हणत नाहीत. नाइट्सच्या सलग फेरीनंतर घरच्या अंथरुणावर दोन रात्री मिळायला हव्यात, हा साधा नियम. सलग नाइट किती असाव्यात? सलग रात्री वाढत गेल्या की चुकांचा धोका वाढतो, म्हणून दोन-तीनच लावाव्यात असं तज्ज्ञ सांगतात. प्रत्यक्षात गाव लांब असलेल्या बऱ्याच जणी स्वतःहून सहा-सात सलग मागतात, कारण मग ऑफ एकत्र मिळून सांगलीला किंवा कोट्टायमला जाऊन येता येतं. माझ्या मते विचारून लावावं. मात्र सहा रात्री ज्या लावून घेतील त्यांना आयसीयूत नको, आणि पहाटे ३ ते ५ मधली इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियमची मोजमापं दोघींनी बघावीत.

दुसऱ्या वॉर्डात माणूस पाठवणं हाही असाच नाजूक मामला. सकाळी सव्वाआठला मेट्रन ऑफिसचा फोन येतो, "एक सिस्टर द्या." पाठवली जाते ती सगळ्यात नवी, नाहीतर सगळ्यात कमी बोलणारी. शेवटचं कोण गेलं होतं याची तारीखवार नोंद ठेवून पुढचीला पाठवावं, आणि सहा महिने न झालेल्या मुलीला एकटीला पाठवूच नये. ती जिथे जाते तिथल्यांनी पाच मिनिटं काढून इमर्जन्सी ट्रॉली, सक्शन, ऑक्सिजनचा पाना, औषधाच्या कपाटाची किल्ली आणि कॉलवरच्या डॉक्टरचा नंबर एवढं दाखवावं. पाना कुठे आहे हे ऐनवेळी माहीत नसलेली सिस्टर त्या वॉर्डाचं नाव काढलं तरी पुढे वर्षभर नको म्हणते.

हँडओव्हर

बहुतेक भांडणांचं मूळ इथे असतं. टेबलाशी उभं राहून, आठवणीतून, पर्स खांद्याला लावून दिलेला हँडओव्हर म्हणजे पुढच्या पाळीसाठी पेरलेले सुरुंग. खाटेजवळ जाऊन द्यावा. क्रम ठरलेला: पेशंट का आला, आज काय बदललं, नळ्या आणि लाइन कुठल्या व कधी घातलेल्या, आणि शेवटी अर्धवट राहिलेलं काय. हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि गळतो तोच. सॅम्पल काढलंय पण पाठवलेलं नाही. रक्तपेढीत रक्त तयार आहे, आणायचंय. शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही राहिली. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेली अँटिबायोटिक केसपेपरवर चढलेली नाही. अर्धवट कामांसाठी एकच वही ठेवावी, खाट क्रमांकाने, आणि घेणारीने तिथे सही करावी. 'तू सांगितलं नाहीस' हा वाद मग उरत नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. तिघी मल्याळममध्ये बोलतात आणि चौथी बाजूला उभी राहते, किंवा तिघी मराठीत आणि मणिपूरहून आलेली मुलगी अंदाज बांधते. गप्पा कुठल्याही भाषेत माराव्यात, हँडओव्हर मात्र सगळ्यांना कळेल त्याच भाषेत.

या सगळ्याला ३० खाटांत २० ते ३० मिनिटं लागतात, आणि ती बहुतेक ठिकाणी कुणाच्याच ड्युटीत धरलेली नसतात. पावणेआठला यायचं आणि पावणेतीनला निघायचं. पाळ्यांच्या वेळा अर्ध्या तासाने एकमेकींवर चढवल्या की तो वेळ कामाचा म्हणून मोजला जातो. याला पैसे लागत नाहीत, फक्त वेळापत्रक बदलावं लागतं.

नर्सिंग सोडून बाकी सगळं

इंडेंट (स्टोअरकडे सामानाची मागणी) भरणं, धोब्याकडची चादर मोजणं, लॅबला दहादा फोन, वॉर्डबॉय नाही म्हणून सोनोग्राफीला स्वतः स्ट्रेचर ढकलणं, विम्याचे कागद, एकच नोंद रजिस्टरमध्ये आणि पुन्हा संगणकात. यात किती वेळ जातो हे ओरडून कुणाला पटत नाही. आठवडाभर मोजावं. प्रत्येकीच्या खिशात एक कार्ड, तीन रकाने: पेशंटजवळचं काम, पेशंटसंबंधी लिखापढी, बाकीचं. दर १५ मिनिटांनी जिथे असाल तिथे एक रेघ. सहा तासांच्या पाळीत २४ रेघा होतात. तिसऱ्या रकान्यातल्या सहा रेघा म्हणजे दीड तास, आणि सकाळी तिघी असतील तर साडेचार तास. एवढ्यावर 'दुपारपर्यंत एक वॉर्ड क्लार्क द्या' ही मागणी उभी राहते, आणि ती नवी सिस्टर मागण्यापेक्षा लवकर मंजूर होते.

वस्तूंची जबाबदारी हा याच कामाचा सगळ्यात कडू भाग. हरवलेला थर्मामीटर, फुटलेलं बीपी मशीन, डिस्चार्जबरोबर गेलेली ब्लँकेटं, यांची वसुली पाळीवरच्या सिस्टरकडून करायची जुनी खोड अजून गेलेली नाही. मग ती चांगली वस्तू कुलपात ठेवते आणि तुटकी वापरते. कुलपातल्या नव्या नेब्युलायझरचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. वापरात मोडणाऱ्या वस्तूंसाठी वर्षाला ठरावीक तूट मान्य करून कंडेम (वस्तू निकामी म्हणून बाद) करायची प्रक्रिया दर तिमाहीला झाली, तर कपाटं उघडी राहतात.

मेमो

चूक झाली की मेमो (लेखी जाब), मेमोला खुलासा, खुलाशावर 'समाधानकारक नाही' असा शेरा. या चक्रातून एकच गोष्ट शिकली जाते: पुढच्या वेळी सांगायचं नाही. सुई टोचण्याचं उदाहरण घ्या. टोचल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, ताबडतोब कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांत, कुठल्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. रात्री दोनला टोचलं तर दोन अडचणी येतात. एक, औषधाचं कपाट सकाळी नऊला उघडतं. दोन, "टोपण परत का लावत होतीस?" या मेमोची भीती. पहिली अडचण कॅज्युअल्टीत सुरुवातीच्या डोसांचा संच ठेवून सुटते. दुसरी सुटायला एक लेखी आदेश लागतो, की टोचल्याची नोंद शिस्तभंगासाठी वापरली जाणार नाही. हिपॅटायटिस बीची लस जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रुग्णालयाने द्यायचीच आहे. कंत्राटी सिस्टर आणि सफाईच्या मावशी यादीतून गळतात, त्यांची नावं आधी तपासावीत.

डॉक्टरांशी असलेल्या नात्याचं बरंचसं इथेच येतं. तोंडी ऑर्डर फक्त इमर्जन्सीत, सिस्टरने ती मोठ्याने परत म्हणायची, डॉक्टरने २४ तासांत सही करायची. हा नियम युनिटच्या प्रमुखांनी निवासी डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात सांगितला तर सिस्टरला 'लिहून द्या' म्हणताना वाईटपणा घ्यावा लागत नाही. पेशंटसमोर ओरडणाऱ्या डॉक्टरला इन्चार्जने तिथल्या तिथे "सर, ऑफिसमध्ये बोलू या" एवढंच म्हणावं. बाकीच्या सिस्टर ते वाक्य ऐकत असतात, आणि इन्चार्ज आपल्या बाजूची आहे की नाही याचा निकाल तिथे लागतो.

नातेवाइकांच्या मारहाणीविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे. त्यात परिचारिकाही येतात, गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार रुग्णालयाने करावी, सिस्टरला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नये. मृत्यूची बातमी डॉक्टरांनी द्यावी, रात्रीच्या सिस्टरवर ढकलू नये. अर्ध्याहून जास्त प्रसंग बातमी उशिरा किंवा अर्धवट दिल्याने चिघळतात, असं माझं निरीक्षण आहे.

पगार, आणि एकाच टेबलावरचे दोन पगार

सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या. २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी सिस्टरइतका पगार, १०० ते २०० खाटांना जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० ला २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २० हजार. कुठल्याही जिल्ह्याच्या गावी नर्सिंग होममध्ये चौकशी केली तर शिफारस आणि हातात पडणारी रक्कम यांतलं अंतर कळतं. त्यात कुठे बाँड, कुठे मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं. प्रमाणपत्रं अडकवून टिकवलेली सिस्टर मनाने केव्हाच दुबई नाहीतर लंडनला पोचलेली असते.

सरकारी रुग्णालयांत दुखणं वेगळं आहे. तोच वॉर्ड, तीच नाइट, पण एक कायम आणि दुसरी कंत्राटी, पगार निम्म्याच्या आसपास आणि दर वर्षी नूतनीकरणाची टांगती तलवार. २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीला राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी बाह्यस्रोत भरतीविरुद्ध काम बंद केलं, त्यामागे ही खदखद होती. वॉर्डाच्या पातळीवर पगार समान करता येत नाही. पण नाइट, सण, प्रशिक्षणाला जाण्याची संधी आणि हाक मारायची पद्धत समान ठेवता येते. "ती कंत्राटी सिस्टर" असं पेशंटसमोर म्हणणं आजपासून बंद करता येतं.

मोजायचंच असेल तर

एलीन लेक यांनी २००२ साली मांडलेली कामाच्या वातावरणाची मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात ३१ विधानं आणि पाच भाग आहेत: रुग्णालयाच्या निर्णयांत सहभाग, परिचर्येचा दर्जा, वरिष्ठ परिचारिकेचं नेतृत्व आणि पाठबळ, मनुष्यबळ व साधनं, डॉक्टरांशी संबंध. प्रत्येक विधानाला १ ते ४ गुण, २.५ च्या खाली सरासरी गेली की त्या भागात गडबड आहे असं समजतात. यात एक खोच आहे. सगळ्या भागांची मिळून एक सरासरी काढली की चांगला डॉक्टर-संबंध वाईट मनुष्यबळाला झाकून टाकतो. भाग वेगळे वाचावेत, आणि वॉर्डही वेगळे.

आठ जणींच्या वॉर्डात नाव नसलं तरी वय, शिक्षण, अनुभव विचारला की कुणी काय लिहिलं ते इन्चार्जला कळतं. त्यामुळे ते रकाने गाळावेत, कागद इन्चार्जकडे न देता बंद पेटीत टाकायला सांगावेत, आणि पाचांपेक्षा कमी उत्तरं आलेल्या वॉर्डाचा निकाल शेजारच्या वॉर्डात मिसळावा. भरायला ड्युटीतली २० मिनिटं द्यावीत. हँडओव्हरच्या आधी घाईत वाटले तर सगळ्यांना तीनाचा आकडा मिळतो.

शेवटी एक मोकळी ओळ ठेवावी: उद्यापासून एकच गोष्ट बदलायची तर कुठली? मोठ्या मागण्या येतील असं वाटतं. येतात त्या अशा: कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी, स्टाफच्या बाथरूममध्ये पाणी, नाइटला पाठ टेकायला एक खुर्ची, प्यायच्या पाण्याचा फिल्टर दुरुस्त. लघवीला जायला जागा नाही म्हणून सहा-आठ तास पाणी न पिणाऱ्या सिस्टर आणि त्यांना वारंवार होणारा युरिन इन्फेक्शन ही बाब नर्सिंगमध्ये इतकी सवयीची झालीय की कुणी तक्रार म्हणूनही लिहीत नाही. कडी, नळ आणि फिल्टर पंधरा दिवसांत बसवावेत, आणि निकालाचा कागद ड्युटी चार्टच्या शेजारी लावावा. तेवढं झालं नसेल तर सहा महिन्यांनी दुसरी प्रश्नावली छापू नये.